बर्फाळ प्रदेशांतील रस्त्यांवरच्या रेषा

रस्त्याच्या मधोमध अथवा कडेने ओढलेली रेषा ही दळणवळणाच्या साधनांपैकी बहुधा सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू होय. दिवसा तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. परंतु हिवाळ्यातील एखाद्या रात्री, ओल्या काळ्या डांबरी रस्त्यावर, समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांनी डोळे दिपले असता, रस्ता कोठे संपतो आणि कडेचा उतार कोठे सुरू होतो हे चालकास सांगणारी तीच एक खूण उरते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर तोडते. रेषा पुढे ३० मीटरपर्यंतच दिसत असेल, तर रस्ता वळत आहे हे ओळखून चाक फिरविण्यास चालकाजवळ दीड सेकंदही उरत नाही. तीच रेषा ६० मीटरपर्यंत दिसली तर हा अवधी दुप्पट होतो. रेषेच्या उजळपणाचा प्रश्न अशा रीतीने माणसांच्या जीविताचा प्रश्न ठरतो.

उष्ण प्रदेशांत ही रेषा ऊन, धूळ आणि चाकांचे घर्षण यांमुळे झिजते. थंड प्रदेशांत तिच्यावर याहून कठोर प्रसंग येतात. त्यांतही विलक्षण गोष्ट अशी की, ज्या गुणामुळे रेषा रात्री दिसते, तोच गुण हिवाळ्यात तिच्या नाशास कारण होतो. रात्री दिसावयाचे तर रेषेने रस्त्याच्या पृष्ठभागावर थोडे डोके वर काढावे लागते. आणि जे डोके वर काढते त्यावरच बर्फ बाजूस सारणाऱ्या गाडीचे पोलादी पाते प्रथम चालते. या पेचातून अभियंत्यांनी कोणकोणत्या वाटा शोधल्या, हे आपण येथे पाहू.

रेषेचा उगम

रस्त्याच्या मध्यावर रेषा ओढण्याची कल्पना प्रथम अमलात आणण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या एडवर्ड हाइन्स यांना दिले जाते. ते वेन परगण्याच्या रस्ते मंडळाचे सदस्य होते. दूध वाहून नेणाऱ्या एका गळक्या गाडीने रस्त्यावर सोडलेली पांढरी धार पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९११ साली ट्रेंटन गावाजवळील रिव्हर रोड या रस्त्यावर अशी रेषा रंगविण्यात आली. पुढे १९१७ साली त्याच राज्याच्या उत्तर भागात, मार्क्वेट आणि नेगॉनी या गावांमधील रस्त्याच्या एका घातक वळणावर, केनेथ सॉयर या रस्ते अधिकाऱ्यांनी पांढरी मध्यरेषा काढविली. ग्रामीण महामार्गावरील ही पहिली मध्यरेषा मानली जाते.

हे वळण सुपीरियर सरोवराजवळच्या टापूत आहे. सरोवरावरून येणाऱ्या बाष्पयुक्त वाऱ्यांमुळे नेगॉनीच्या परिसरात एका हिवाळ्यात सरासरी सुमारे ५ मीटर हिम पडते. म्हणजे, ग्रामीण रस्त्यावरील रेषा जेथे प्रथम उमटली, तोच प्रदेश तिच्या टिकाऊपणाची कठोर परीक्षा पाहणारा होता. सॉयर यांच्या काळी रेषा हाताने रंगवीत आणि ती पुसट झाली की पुन्हा रंगवीत. वाहनांची संख्या आणि वेग वाढू लागल्यावर मात्र एवढ्यावर भागेना.

अंधारात रेषा दिसते कशी?

गुळगुळीत पांढरा रंग दिवसा उत्तम दिसतो, कारण आकाशाचा प्रकाश त्यावर सर्व बाजूंनी पडून सर्व बाजूंस विखुरतो. रात्री परिस्थिती बदलते. युरोपातील मानकांत रेषेचा रात्रीचा उजळपणा मोजताना असे धरतात की, मोटारीचा दिवा जमिनीपासून ०.६५ मीटर आणि चालकाचा डोळा १.२ मीटर उंचीवर आहे, आणि दोघांचा रोख ३० मीटर पुढे असलेल्या रेषेकडे आहे. हे आकडे घेऊन त्रिकोण मांडला तर असे दिसते की, प्रकाश रेषेवर केवळ सव्वा अंशाच्या कोनात येतो आणि डोळा तिच्याकडे सव्वादोन अंशांहून किंचित अधिक कोनात पाहतो. इतक्या तिरप्या येणाऱ्या प्रकाशापैकी बराचसा पुढेच निघून जातो. चालकाच्या डोळ्यांकडे फारच थोडा परततो.

हा प्रकाश आल्या वाटेने मागे फिरविण्याचे काम काचेचे सूक्ष्म मणी करतात. मिलिमीटरच्या दशांशापासून सुमारे एक मिलिमीटरपर्यंत व्यासाचे हे गोल मणी, रेषेचा रंग ओला असतानाच त्यावर पेरतात. मण्याचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग रंगात रुतावा आणि उरलेला वर राहावा, अशी योजना असते. दिव्याचा किरण मण्यात शिरताना वाकतो, मण्याच्या पाठीमागील रंगावर पडतो, तेथून विखुरतो आणि पुन्हा मण्यातून वाकून जवळजवळ आल्या दिशेनेच बाहेर पडतो. मांजराचे डोळे अंधारात चमकतात त्यातलाच हा प्रकार होय.

मण्याच्या काचेचा वक्रीभवनांक येथे महत्त्वाचा ठरतो. साध्या काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५ असतो. अशा मण्यात शिरलेले समांतर किरण मण्याच्या मध्यापासून त्रिज्येच्या दीडपट अंतरावर, म्हणजे मण्याच्या पाठीच्या थोडे पलीकडे, एकत्र येतात. वक्रीभवनांक १.९ असेल तर ते जवळजवळ नेमके पाठीवरच येतात आणि परतणारा प्रकाश वाढतो. मात्र अशी काच महाग पडते.

येथेच पेचाचे मूळ दिसते. मणी संपूर्ण बुडाला तर प्रकाश आत शिरणार नाही. फार वर राहिला तर त्याची पकड ढिली होईल. रेषा जिवंत राहते ती मण्याच्या वर राहिलेल्या अर्ध्या भागावर, आणि तोच भाग सर्वांत असुरक्षित असतो.

पाण्याचा पातळ पडदा

पाऊस किंवा वितळणारे हिम यांमुळे रेषेवर पाण्याचा थर साचला की, ती एकाएकी नाहीशी झाल्यासारखी वाटते. याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, एक-दोन अंशांच्या कोनात येणाऱ्या प्रकाशाला पाण्याचा सपाट पृष्ठभाग आरशासारखाच असतो. बहुतेक प्रकाश वरच्यावर परावर्तित होऊन पुढे जातो. दुसरे कारण वक्रीभवनाचे आहे. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ असतो. १.५ अंकाची काच पाण्यात बुडाली तर दोहोंचे गुणोत्तर केवळ १.१३ उरते. मग किरण फारसे वाकत नाहीत आणि ते मध्यापासून त्रिज्येच्या चौपटीहूनही अधिक अंतरावर एकत्र येतात. मणी तेथेच असतो, परंतु भिंगाचे त्याचे काम थांबलेले असते.

यावर दोन उपाय करतात. एक म्हणजे मोठे मणी वापरणे, म्हणजे त्यांचे माथे पाण्याच्या थरावर राहतात. दुसरा म्हणजे सुमारे २.४ वक्रीभवनांकाचे विशेष मणी घालणे. पाण्याखाली त्यांचे गुणोत्तर सुमारे १.८ राहते आणि ते उत्तम प्रकाश परतवितात. कोरड्या हवेत मात्र त्यांतील किरण पाठीवर पोहोचण्यापूर्वीच, मण्याच्या आतच, एकत्र येतात. म्हणून अशा रेषांत कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही वेळांसाठी निरनिराळे मणी मिसळावे लागतात.

हिवाळ्याचे चार आघात

पहिला आघात पात्याचा. रस्त्यावरील बर्फ सारणाऱ्या गाडीचे पाते पोलादाचे असते आणि पुष्कळदा त्याच्या धारेवर टंगस्टन कार्बाइडसारखा अतिशय कठीण पदार्थ बसविलेला असतो. हे पाते रस्त्याला घासत जाते तेव्हा वर आलेले मणी फुटतात किंवा उपटून निघतात. मागे रंगात एक खळगा तेवढा राहतो. अशी रेषा वसंत ऋतूत दिवसा पाहिली तर पांढरीशुभ्र दिसते. रात्री मात्र ती मृतवत असते. केवळ दिवसा पाहून तिची परीक्षा केल्यास फसगत होते ती यामुळेच.

दुसरा आघात खिळ्यांच्या टायरांचा. निसरड्या बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरांत कठीण धातूचे टोक असलेले लहान खिळे बसवितात. हे खिळे डांबरी रस्ता कोरतात, तेथे पातळ रेषेची काय कथा! वळणाच्या आतल्या बाजूस, जेथे वाहने रेषा ओलांडतात, तेथे ती प्रथम पुसली जाते. रस्त्यांची झीज पाहून पश्चिम जर्मनीने १९७५ साली अशा टायरांवर बंदी घातली. जपानमध्ये खिळ्यांनी उडालेल्या धुळीचा उपद्रव लोकांस असह्य झाल्याने १९९० साली त्यांच्याविरुद्ध कायदा झाला. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड येथे मात्र ते हिवाळ्यात ठरावीक मुदतीत चालतात, आणि तेथील रेषांना त्यांच्याशी सामना करावा लागतो.

तिसरा आघात मीठ आणि वाळू यांचा. मिठाच्या द्रावणाचा गोठणबिंदू पाण्याहून खाली असतो. द्रावणात सुमारे २३ टक्के मीठ असता तो उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत उतरतो. म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. रस्ता वाळल्यावर मात्र मिठाचा करडा-पांढरा लेप मागे राहतो, आणि काळ्या रस्त्यावर उठून दिसणारी पांढरी रेषा त्या लेपात विरून जाते. मीठ फारसे उपयोगी पडत नाही अशा कडाक्याच्या थंडीत वाळू किंवा बारीक खडी पसरतात. ती चाकांखाली सापडून रेषेवर पॉलिश-कागदासारखी घासली जाते.

चौथा आघात गोठणाऱ्या पाण्याचा. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. रेषेच्या सूक्ष्म भेगांत किंवा तिच्या आणि रस्त्याच्या सांध्यात शिरलेले पाणी रात्री गोठते, दिवसा वितळते, पुन्हा गोठते. प्रत्येक फेऱ्यात भेग थोडी रुंदावते आणि अखेर रेषेचे पापुद्रे सुटू लागतात.

रेषेचे साहित्य

या आघातांना तोंड देण्यासाठी प्रथम साहित्य सुधारण्याचा प्रयत्न झाला. साधा रंग स्वस्त असतो, पण ओला असतानाही त्याचा थर अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असतो; वाळल्यावर तो आणखी आटतो. जड वाहतुकीच्या बर्फाळ रस्त्यावर तो पुष्कळदा एकच हिवाळा काढतो.

थर्मोप्लॅस्टिक हे त्यापुढचे साहित्य. राळेसारखे बंधक द्रव्य, टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा रंग, चुनखडीची पूड आणि काचमणी यांचे हे मिश्रण सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून रस्त्यावर ओततात. थंड होताच ते घट्ट होते. त्याचा थर सुमारे ३ मिलिमीटर जाड असतो आणि मणी त्याच्या अंगभर मिसळलेले असतात. त्यामुळे वरचा थर झिजला की खालचे ताजे मणी उघडे पडतात. झीज हीच येथे काही अंशी उजळपणाची पुरवठादार होते. डांबराशी हे साहित्य एकजीव होते; काँक्रीटवर मात्र त्याची पकड कमी पडते, आणि तीव्र थंडीत ते ठिसूळ होऊन पात्याच्या धक्क्याने टवके उडण्याची भीती असते.

तिसरे साहित्य मिथाइल मेथाक्रिलेट या द्रव्यापासून बनते. यात दोन घटक एकत्र येताच रासायनिक क्रिया सुरू होऊन थर कठीण होतो. त्यास बाहेरची उष्णता लागत नाही. म्हणून थंड हवेतही ते वापरता येते. अलास्कासारख्या प्रदेशात त्याचा उपयोग केला जातो. त्याची किंमत मात्र साध्या रंगाच्या मानाने पुष्कळ असते.

तथापि, साहित्य कितीही कणखर असले तरी त्यामुळे मूळ पेच सुटत नाही. थर जाड केला तर झिजण्यास अधिक साहित्य मिळते, परंतु तो रस्त्यावर तितकाच उंच येतो आणि पाते त्यावर तितकेच जोराने आदळते.

रस्त्यात उतरविलेली रेषा

यावर निघालेला उपाय विचार करू जाता अगदी साधा आहे. पात्याच्या वाटेतून रेषा खाली न्यावी. यंत्राच्या साहाय्याने रस्त्यात रेषेच्या रुंदीची, काही मिलिमीटर खोल खाच कापतात आणि तिच्या तळाशी साहित्य भरतात. मात्र ती काठोकाठ भरीत नाहीत. मण्यांचे माथे रस्त्याच्या पातळीखाली राहतील इतकी जागा मोकळी ठेवतात. पाते खाचेच्या दोन काठांवरून निघून जाते आणि मणी वाचतात.

या उपायासही मोल द्यावे लागते. खाच कापण्याचा खर्च वाढतो, आणि रस्ता मुळातच जीर्ण असेल तर काठ ढासळतात. याहून मोठी अडचण ही की, खाचेत पाणी, चिखल आणि बर्फ साचतात. पात्यापासून वाचविलेले मणी पावसाळी रात्री पाण्याखाली जातात. एका शत्रूपासून सुटावे तो दुसऱ्याच्या हाती सापडावे, अशी ही स्थिती.

म्हणून खाचेस आकार देण्यात आला. रस्त्याच्या कडेस किंवा मध्यावर लाटेसारखे उथळ चढउतार कोरून त्यांवरच रेषा रंगवितात. लाटेच्या तळाशी पाणी उतरते आणि तिचा चालकाकडे तोंड असलेला उतार पाण्याबाहेर राहतो. या उतारावर दिव्याचा प्रकाशही कमी तिरपा पडतो. पाते केवळ लाटांच्या माथ्यांना स्पर्शून जाते. शिवाय चाक तिच्यावर गेले की गुरगुर ऐकू येते आणि हादरा बसतो. म्हणजे हलक्या हिमाखाली झाकलेली रेषासुद्धा झोपाळलेल्या चालकास सावध करू शकते. नॉर्डिक देशांत तसेच अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मंद वळणाच्या लाटा वापरतात, कारण त्यांचा आवाज गाडीत ऐकू येतो, पण रस्त्यालगतच्या घरांना त्याचा त्रास कमी होतो.

रस्त्यावर उंचवटे बसविण्याचा विरुद्ध मार्गही पडताळून पाहिला गेला. इंग्लंडातील हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली पेटंट घेतलेला ‘कॅट्स आय’ हा रबरात बसविलेल्या काचेच्या डोळ्यांचा खुंट प्रसिद्ध आहे. चाक त्यावरून गेले की डोळे रबरात दबून पुसले जातात, आणि त्याची लोखंडी बैठक अशा घडणीची असते की बर्फाचे पाते त्यावरून घसरून जावे. कॅलिफोर्नियात १९६६ पासून महामार्गांवर लहान चिनी मातीच्या टिकल्या सर्रास चिकटविण्यात आल्या. परंतु हिम पडणारे भाग त्यांतून वगळावे लागले, कारण तेथे पात्याने त्या एका हंगामातच साफ झाल्या असत्या.

पांढरी की पिवळी?

पांढऱ्या बर्फाच्या सान्निध्यात पांढरी रेषा हरवते, म्हणून पिवळी रेषा बरी, असे सहज वाटते. दिवसा त्यात तथ्य आहे. नॉर्वेमध्ये दोन दिशांची वाहतूक विभागणारी रेषा पिवळीच असते. रात्री मात्र पिवळा रंग पांढऱ्याहून कमी प्रकाश परतवितो. शिवाय पूर्वी पिवळ्या रंगासाठी शिशाचे क्रोमेट वापरीत. ते विषारी असल्याने त्याच्या जागी अन्य रंगद्रव्ये शोधावी लागली. फिनलंडने २०२० साली लागू झालेल्या वाहतूक कायद्याने मध्यावरील पिवळ्या रेषा सोडून पांढऱ्या स्वीकारल्या. एकाच हवामानातील दोन शेजारी देशांनी भिन्न निर्णय घ्यावेत, यावरून या प्रश्नास दोन्ही बाजू आहेत हे ध्यानात येते.

रेषेची मर्यादा

हिमाचा जाड थर पडला की कोणतीही रेषा दिसत नाही, ही गोष्ट स्पष्ट आहे. त्या वेळी तिची जागा उभ्या खुणांनी घ्यावी लागते. उत्तर युरोपात हिवाळ्यापूर्वीच रस्त्याच्या कडेने उंच काठ्या रोवतात. बर्फ सारणारा चालक त्यांच्या आधारेच पाते चालवितो. जपानच्या होक्काइडो बेटावर रस्त्याच्या कडेच्या खांबांवरून खाली रोखलेले बाण लटकाविलेले असतात. बाण दाखवितो तेथे रस्त्याची कड असते.

मग रेषेसाठी एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर दिनदर्शिकेत आहे. हिमाच्छादित रस्ता निदान उजळ असतो. सर्वांत काळोखी वेळ असते ती हिम पडण्यापूर्वीची आणि ते वितळल्यानंतरची, जेव्हा रस्ता ओला, काळा आणि प्रकाश गिळणारा असतो. याच वेळी रेषा हवी असते, आणि हिवाळ्यानंतर नेमकी याच वेळी ती झिजलेली असते. नवी काढावी तर पाण्यात मिसळणाऱ्या रंगांना साधारण १० अंशांहून अधिक उबदार, कोरडी हवा लागते. ती उत्तरेकडे केवळ अल्पशा उन्हाळ्यात मिळते. ज्या रेषेत हिवाळा काढून वसंतातही प्रकाश परतविण्याची शक्ती उरते, तीच खरी उपयोगी.

त्यामुळे रेषेच्या उजळपणाचे मोजमाप आवश्यक ठरते. आता वाहतुकीच्या वेगाने धावणाऱ्या मोटारीवरील यंत्रांनी ते करता येते. ओल्या रेषेची कसोटी घेताना तिच्यावर पाणी ओतून एक मिनिट थांबतात आणि मग ती किती प्रकाश परतविते हे मोजतात. अमेरिकेच्या केंद्र शासनाने २०२२ साली याविषयी प्रथमच किमान मर्यादा घालून दिली. ताशी ३५ मैल किंवा अधिक वेगाच्या वर्दळीच्या रस्त्यांवर कोरड्या रेषेचा उजळपणा ५० मिलिकँडेला प्रति चौरस मीटर प्रति लक्स याखाली जाऊ देऊ नये, असा तिचा आशय आहे. मोटारीस मार्गावर ठेवण्यास साहाय्य करणारे कॅमेरेही आता याच रेषा वाचतात. माणसाच्या डोळ्यास अंधूक दिसणारी रेषा त्यांनाही चकवू शकते.

हिमालयातील रस्ते

हा प्रश्न केवळ परदेशांचा नाही. हिमालयातील उंच रस्ते बांधण्याचे आणि त्यांवरील हिम हटविण्याचे काम १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना करीत आली आहे. यांपैकी अनेक घाट हिवाळाभर बंद राहत. जो रस्ता बंदच असतो, त्यावरील रेषा हिवाळ्यात दिसते की नाही याची चिंता कोणी करीत नाही. परंतु ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा आणि जानेवारी २०२५ मध्ये काश्मीरातील सोनमर्गचा बोगदा खुला झाला. पूर्वी हिवाळ्यात तुटणारी खोरी आता पुष्कळ अधिक काळ वाहतुकीस मोकळी राहू लागली आहेत. बोगद्याच्या तोंडाशी मात्र चालक दिव्यांच्या उजेडातून एकदम हिमाच्या, धुक्याच्या किंवा काळोखाच्या रस्त्यावर येतो, आणि एका बाजूस दरी असते. तेथे पाते आणि चाकांना बांधलेल्या साखळ्या हे रेषेचे शत्रू ठरतात. भारतीय रस्ते महासभेने रस्त्यांवरील खुणांची संहिता १९७० साली प्रथम प्रसिद्ध केली आणि २०१५ साली ती सुधारली. हिवाळी वाहतूक वाढत जाईल तसतशी अशा रस्त्यांच्या विशेष गरजांकडे अधिक लक्ष द्यावे लागेल.

नेगॉनीच्या वळणावर रेषा रंगविली गेली, त्या गोष्टीस शंभरांहून अधिक वर्षे लोटली. या अवधीत रेषा रंगाची होती ती काचेची झाली, रस्त्यावर होती ती रस्त्यात उतरली, सपाट होती ती लाटांची झाली. प्रत्येक पायरीवर उजळपणासाठी टिकाऊपणाचा किंवा टिकाऊपणासाठी उजळपणाचा काही अंश सोडावा लागला. अमुक एक रेषा सर्वत्र उत्तम, असे म्हणता येत नाही. पाते किती वेळा फिरते, टायर कोणते आहेत, पाणी कोठे साचते आणि रस्ता अंधारात किती काळ असतो, हे पाहूनच तिची निवड करावी लागते. आणि त्या निवडीची परीक्षा दिवसा कचेरीत होत नाही. ती हिम वितळल्यानंतरच्या पहिल्या ओल्या रात्री, मोटारीच्या दिव्यांसमोर होते.